पेशीबाहेरचं प्रथिन पेशीचा आकार कसा बदलतं?

एम.एस्सी.च्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा: "विषाणूमुळे कर्करोगी वळणाला गेलेल्या फायब्रोब्लास्ट पेशी डिशमध्ये गोल होतात, सैल बसतात. निरोगी पेशींच्या पृष्ठभागावरून काढलेलं एक प्रथिन त्यांच्या माध्यमात मिसळलं की त्या पुन्हा चपट्या आणि लांबट होतात, असं १९७६ सालच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. पेशीच्या बाहेर असलेलं प्रथिन आतल्या सांगाड्याला कसं काय हलवतं? आणि आकार सुधारला म्हणजे पेशी बरी झाली असं धरायचं का?"

मी पुण्यात बरीच वर्षं पेशीसंवर्धनाचं काम करते आहे, त्यामुळे पुस्तकातलं आणि मायक्रोस्कोपखाली दिसणारं असं दोन्ही मिळून लिहिते. उत्तर लांबेल.

आधी थोडक्यात सांगते. फायब्रोब्लास्ट म्हणजे त्वचेसारख्या ऊतींत आधाराचं जाळं विणणाऱ्या पेशी. त्या प्रथिनाला आज आपण फायब्रोनेक्टिन म्हणतो. ते पेशीला आकार देत नाही. आकार पेशी स्वतः घेते, आतल्या अ‍ॅक्टिनच्या (आतला सांगाडा ज्याचा बनतो त्या प्रथिनाच्या) तंतूंच्या जोरावर; फायब्रोनेक्टिन तिला तो जोर लावण्यासाठी धरायला जागा देतं. धरायला जागाच नसेल तर तोच जोर पेशीला आत ओढून गोल करतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते उत्तर १९७६ च्या त्याच प्रयोगात मिळालं होतं. पाठ्यपुस्तकांत सहसा पहिला भाग येतो आणि दुसरा गळतो, म्हणून तुमचा प्रश्न मला मोलाचा वाटला.

पार्श्वभूमी माहीत असली की पुढचं सोपं जातं. कोंबडीच्या गाठीतून राउस सार्कोमा विषाणू पेटन राउस यांनी १९११ मध्ये दाखवला. कोंबडीच्या भ्रूणातल्या फायब्रोब्लास्टना त्याची लागण झाली की एक-दोन दिवसांत डिशचं रूप पालटतं. एरवी या पेशी चपट्या, दोन्ही टोकांना निमुळत्या असतात आणि एकमेकींना समांतर अशा झोताने मांडलेल्या दिसतात. लागण झाल्यावर त्या आखडतात, गोल आणि चकचकीत होतात, एकमेकींवर चढतात, आणि डिशला हलका धक्का बसला तरी सुटून येतात. १९७० मध्ये स्टीव्ह मार्टिन यांना या विषाणूचं तापमानावर अवलंबून वागणारं एक उत्परिवर्तन सापडलं. पस्तीस-छत्तीस अंशांवर ठेवलं की पेशी रूपांतरित, म्हणजे कर्करोगी वळणाच्या, एकेचाळीस अंशांवर नेलं की त्याच पेशी काही तासांत पुन्हा नेहमीसारख्या. म्हणजे आकारातला हा बदल मोडतोडीचा नव्हता. सार्क नावाच्या एका जनुकाचं काम चालू-बंद झालं की आकार इकडून तिकडे जातो, एवढं त्यातून पक्कं झालं.

मग पेशीच्या पृष्ठभागावर नेमकं काय बदलतं, याचा शोध सुरू झाला. त्या काळची पद्धत सुंदर होती. लॅक्टोपेरॉक्सिडेज हे विकर पेशीच्या आत शिरू शकत नाही. त्याच्या मदतीने जिवंत पेशीच्या फक्त बाहेरच्या प्रथिनांना किरणोत्सारी आयोडीन जोडायचं आणि नंतर सगळी प्रथिनं जेलवर चालवून फिल्मवर पट्टे पाहायचे. १९७३ मध्ये लंडनमध्ये रिचर्ड हाइन्स यांनी असं केलं तेव्हा निरोगी पेशींत अडीच लाख डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) आसपास एक ठसठशीत पट्टा दिसला, आणि रूपांतरित पेशींत तो जवळजवळ नाहीसा होता. त्याच सुमारास हेलसिंकीत एर्की रुओस्लाहटी आणि अँटी वाहेरी प्रतिपिंडांच्या वाटेने याच प्रथिनापाशी पोहोचले. १९७४ मध्ये केनेथ यामादा आणि जेम्स वेस्टन यांनी ते कोंबडीच्या पेशींवरून वेगळं काढलं आणि त्याला नुसतं 'पेशीपृष्ठ प्रथिन' असंच म्हटलं. प्रत्येक प्रयोगशाळेचं नाव वेगळं असल्यामुळे जुने शोधनिबंध वाचताना गोंधळ होतो. एलईटीएस, सीएसपी, एसएफ अँटिजेन ही सगळी फायब्रोनेक्टिनचीच नावं. रक्तद्रवातून १९४८ मध्येच वेगळं केलेलं, थंडीत साका धरणारं एक ग्लोब्युलिनही त्याच घरातलं निघालं.

१९७६ चा प्रयोग यामादा, सुझन यामादा आणि आयरा पास्तान यांचा. वेगळं काढलेलं प्रथिन त्यांनी रूपांतरित पेशींच्या माध्यमात घातलं. पेशी पसरल्या, लांबट झाल्या, डिशला घट्ट धरून बसल्या आणि पुन्हा समांतर मांडल्या गेल्या. पुढच्याच वर्षी हाइन्स यांच्या गटाने दाखवलं की प्रथिन बाहेरून दिल्यावर पेशीच्या आत अ‍ॅक्टिनच्या जाड जुड्याही परत येतात. पण यामादांच्या शोधनिबंधात आणखी एक निरीक्षण होतं: वाढीचा वेग बदलला नाही, दाटी झाल्यावर थांबण्याची मर्यादा सुधारली नाही, साखर आत घेण्याचा चढा वेगही तसाच राहिला. हे लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आता तुमचा मूळ प्रश्न. फायब्रोनेक्टिन म्हणजे दोन हजारांहून अधिक अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या, एका टोकाजवळ गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या. प्रत्येक साखळी छोट्या घड्यांची बनलेली आहे आणि या घड्या तीन प्रकारच्या. त्यांतल्या तिसऱ्या प्रकारच्या, दहाव्या क्रमांकाच्या घडीवर एक वळसा बाहेर आलेला असतो आणि त्यावर ओळीने आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल ही तीन अमिनो आम्लं बसलेली असतात. एवढ्या मोठ्या रेणूतली पेशी धरण्याची मुख्य जागा ही तिन्हींची ओळ आहे, हे मायकेल पिअर्शबाकर आणि रुओस्लाहटी यांनी १९८४ मध्ये सिद्ध केलं. या ओळीला प्रयोगशाळेत सगळे 'आरजीडी' म्हणतात.

ही जागा किती नेमकी आहे ते पाहा. अ‍ॅस्पार्टिक आम्लाऐवजी ग्लुटामिक आम्ल घातलं, म्हणजे साखळीत फक्त एक कार्बन वाढवला, की पकड जाते. कारण समोरच्या इंटिग्रिनमध्ये, म्हणजे पेशीच्या पटलातल्या पकडणाऱ्या प्रथिनात, मॅग्नेशियमसारखा एक धातूचा आयन बसवलेला असतो आणि अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा ऋणभारित शेवट थेट त्या आयनाला जाऊन भिडतो. एका कार्बनने लांबी वाढली तर ते भिडणं जमत नाही. तुम्ही पेशी उचलताना ट्रिप्सिन या प्रथिनं तोडणाऱ्या विकराबरोबर ईडीटीए का वापरता, त्याचं एक कारण इथेच आहे: ईडीटीए धातूचे आयन काढून घेतं आणि पकड तिथेच सुटते.

समोरचा इंटिग्रिन म्हणजे पेशीच्या पटलातून आरपार गेलेली दोन प्रथिनांची जोडी. माणसात अल्फा प्रकारची १८ आणि बीटा प्रकारची ८ अशा घटकांतून २४ जोड्या बनतात. फायब्रोनेक्टिनला मुख्यतः धरते ती अल्फा-५ बीटा-१ ही जोडी. बाहेरचा भाग मोठा, आतलं शेपूट अगदी तोकडं. त्या तोकड्या शेपटाला आतून टॅलिन येऊन चिकटतं, आणि टॅलिनचं दुसरं अंग अ‍ॅक्टिनच्या तंतूला धरतं. म्हणजे बाहेरचं प्रथिन, पटलातला इंटिग्रिन, टॅलिन, अ‍ॅक्टिन अशी सलग साखळी तयार होते. फायब्रोनेक्टिन पेशीच्या आत कधीच शिरत नाही, पण यांत्रिकदृष्ट्या ते आतल्या सांगाड्याला जोडलेलं असतं. "बाहेरचं प्रथिन आत कसं पोहोचतं" या प्रश्नाचं अर्धं उत्तर एवढंच आहे. या शोधांसाठी हाइन्स, रुओस्लाहटी आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

उरलेलं अर्धं उत्तर ओढीचं आहे, आणि मला त्यावरच जास्त भर द्यायचा आहे.

फायब्रोनेक्टिन लावलेल्या डिशमध्ये ट्रिप्सिनने उचललेल्या पेशी सोडा आणि इन्क्युबेटर जोडलेल्या मायक्रोस्कोपखाली बसा. पहिली काही मिनिटं फेज कॉन्ट्रास्टमध्ये (न रंगवलेल्या पेशी दाखवणाऱ्या पद्धतीत) फक्त चमकदार गोळे दिसतात, भोवती प्रकाशाचं वलय. मग एखाद्या गोळ्याच्या कडेला पातळ, करडी, जवळजवळ पारदर्शक झालर सुटते. ती पुढे येते, थरथरते, थोडी मागे जाते, पुन्हा पुढे येते. जिथे ती पृष्ठभाग धरते तिथे टिकते. जिथे धरत नाही तिथे सुरकुतून वर उलटते आणि पेशीत परत जाते. अर्ध्या-पाऊण तासात वलय फिकं होतं, मधला केंद्रकाचा भाग अंड्याच्या बलकासारखा उठून दिसू लागतो आणि कडा डिशशी एकजीव होतात. तासा-दीड तासानंतर पेशीला टोकं फुटतात आणि तिला दिशा येते.

त्या झालरीत अ‍ॅक्टिनचे तंतू पटलाच्या लगत वाढत असतात आणि पटलाला बाहेर ढकलत असतात. हे काम रॅक नावाच्या छोट्या प्रथिनाच्या हुकमाने चालतं. तिथे इंटिग्रिनने फायब्रोनेक्टिन धरलं नसेल, तर ढकलण्याचा जोर वाया जातो, तंतू मागे सरकत राहतात आणि झालर पुढे येत नाही. धरलं असेल तर मागे सरकणं अडतं आणि ढकलणं कामी येतं. त्यानंतर मायोसिन नावाचं ओढणारं प्रथिन या तंतूंना मागून ओढायला लागतं. एका छोट्याशा पकडीवर ताण येतो, आणि ताणामुळेच ती पकड वाढते.

ताणाने पकड सुटायच्या ऐवजी वाढते, हे सहजासहजी पटत नाही. त्याचं कारण टॅलिनच्या रचनेत आहे. टॅलिनच्या लांब दांड्यात सर्पिलांच्या जुड्या आहेत, आणि व्हिन्क्युलिन नावाच्या प्रथिनाने धरायच्या जागा त्या जुड्यांच्या पोटात दडलेल्या असतात. काही पिकोन्यूटनच्या, म्हणजे अतिसूक्ष्म, ओढीने त्या जुड्या उलगडतात, जागा उघड्या पडतात, व्हिन्क्युलिन येऊन बसतं आणि आणखी अ‍ॅक्टिन तंतूंना धरतं. मायकेल शीट्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये टॅलिनचा एकेक रेणू ओढून हे प्रत्यक्ष दाखवलं. म्हणून ओढ जितकी टिकाऊ, पकड तितकी जाड. रो हे दुसरं छोटं प्रथिन मायोसिनला कामाला लावतं, आणि त्याच्यामुळे अ‍ॅक्टिनच्या जाड जुड्या उभ्या राहतात हे अ‍ॅन रिडली आणि अ‍ॅलन हॉल यांनी १९९२ मध्ये दाखवलं होतं. मायोसिन बंद पाडणारं औषध दिलं की फायब्रोनेक्टिन जागेवर असूनही जाड पकडी आणि जुड्या विरघळतात, आणि पेशी लांब फांद्या काढून विचित्र दिसू लागते. प्रथिन तेच, इंटिग्रिन तेच, फक्त ओढ काढून घेतली तरी आकार गेला.

तंबूचं उदाहरण इथे चपखल बसतं. दोऱ्या ताणलेल्या असतात म्हणून तंबू उभा असतो. खुंटी नुसती जमिनीत असते, पण तिच्यावाचून ताण देताच येत नाही. फायब्रोनेक्टिन ही खुंटी आहे.

हे समजलं की एक विरोधाभास वाटणारी गोष्ट सुटते. आरजीडीचा छोटा पेप्टाइड डिशच्या पृष्ठभागावर पक्का बसवला तर पेशी त्यावर चिकटतात आणि पसरतात. तोच पेप्टाइड माध्यमात विरघळवून घातला तर पेशी सुटतात, गोल होतात. रेणू एकच, परिणाम उलटे. कारण विरघळलेला पेप्टाइड इंटिग्रिनची जागा अडवतो, पण ओढ सहन करायला त्याच्यामागे काहीच नसतं. मग १९७६ मध्ये तर प्रथिन माध्यमातच घातलं होतं, तरी पेशी पसरल्या, हे कसं? फायब्रोनेक्टिन मोठं आणि चिकट आहे. ते प्लास्टिकवर बसतं, कोलॅजनला धरतं, रक्ताच्या गुठळीतल्या फायब्रिनला धरतं आणि पेशीने ओढलं की एकमेकांनाही धरून तंतू बनवतं. थोडक्यात, घातलेलं प्रथिन द्रवात राहिलंच नाही, त्याचा टेकू झाला.

तंतू बनवणंही ओढीवर चालतं. तिसऱ्या प्रकारच्या घड्यांत गंधकाचे बंध नसतात, त्यामुळे ओढल्यावर त्या उलगडू शकतात आणि आत लपलेल्या, दुसऱ्या फायब्रोनेक्टिनला धरणाऱ्या जागा उघड्या होतात. आपल्या रक्तद्रवात मिलिलिटरमागे सुमारे ३०० मायक्रोग्रॅम फायब्रोनेक्टिन असतं, ते यकृत बनवतं, आणि तरीही ते रक्तात तंतू धरत नाही. कारण तिथे ते घडी घालून बसलेलं असतं आणि त्याला ताणणारी पेशी नसते. जखम झाली की ते फायब्रिनच्या जाळ्यात गुंततं, फायब्रोब्लास्ट त्यावर चढतात आणि ओढायला लागतात. जखमेच्या कडा जवळ येण्यामागे पेशींची हीच ओढ आहे.

अंतराचंही महत्त्व आहे. जर्मनीत योआखिम स्पात्स यांच्या गटाने सोन्याचे नॅनोमीटरभर ठिपके ठरावीक अंतरावर बसवले आणि प्रत्येकावर आरजीडी लावला. अंतर ५८ नॅनोमीटर असताना पेशी छान पसरल्या, ७३ नॅनोमीटर झाल्यावर पसरणं ढासळलं. इंटिग्रिनना एकमेकांजवळ गोळा होता आलं तरच पकड बनते, हे त्यातून दिसलं. आणि टेकूचा कडकपणा: १९९७ मध्ये रॉबर्ट पेल्हम आणि यू-ली वांग यांनी एकाच प्रथिनाचा लेप दिलेले मऊ आणि कडक जेल वापरले. मऊ जेलवर पेशी कमी पसरल्या, कारण तिथे ओढलं तर जेलच पेशीकडे येतो, ताण चढत नाही. लेपाचं रसायन सारखंच होतं.

रूपांतरित पेशींचं काय बिघडतं? एकाच वेळी अनेक गोष्टी. सार्कचं प्रथिन हे टायरोसिनवर फॉस्फेट बसवणारं विकर आहे. ते चढ्या वेगाने चाललं की फायब्रोनेक्टिनचं उत्पादन घटतं, तयार झालेलं पृष्ठभागावर टिकत नाही, पेशीभोवती प्रथिनं तोडणारी विकरं वाढतात. शिवाय पकडीच्या आतल्या बाजूची प्रथिनं, म्हणजे इंटिग्रिनचं शेपूट, पॅक्सिलिन, एफएके, या सगळ्यांवर फॉस्फेट चढून जुन्या पकडी झटपट मोडतात. बाहेरून भरपूर फायब्रोनेक्टिन दिलं की पहिला तोटा भरून निघतो आणि मोडण्याच्या वेगापेक्षा बांधण्याचा वेग थोडा वर जातो. म्हणून आकार सुधारतो, पण पुरता नाही. यामादांनी आपल्या शीर्षकातच 'अंशतः' असं लिहिलं होतं, आणि ते फार प्रामाणिक विधान होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. आकार आणि वाढ यांचा संबंध नाही असं मुळीच नाही. १९७८ मध्ये ज्यूडा फोकमन आणि अ‍ॅन मॉस्कोना यांनी डिशला न चिकटणाऱ्या पॉलिमरचे कमी-जास्त जाडीचे थर दिले. पेशी जितक्या गोल राहिल्या तितकं डीएनए बनणं कमी झालं. १९९७ मध्ये क्रिस्टोफर चेन, डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी त्याहून काटेकोर प्रयोग केला. त्यांनी फायब्रोनेक्टिनची सूक्ष्म बेटं छापली. छोट्या बेटावर बसलेली रक्तवाहिनीची पेशी मरणाच्या वाटेला लागते, मोठ्या बेटावर ती वाढते. मग त्यांनी तेवढंच फायब्रोनेक्टिन बारीक ठिपक्यांत विभागून दूरवर पसरवलं, म्हणजे पेशीला मिळणारं प्रथिन सारखंच, पण पसरायला जागा जास्त. पेशी पसरली आणि जगली. किती प्रथिनाला स्पर्श झाला यापेक्षा पेशी किती ताणून पसरली हे निर्णायक ठरलं. मला या विषयातला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो.

म्हणजे निरोगी पेशीत आकाराकडून वाढीकडे निरोप जातो. चिकटायला जागा नसेल तर ती वाढत नाही, आणि बराच काळ लोंबकळत राहिली तर मरते. रूपांतरित पेशीत मात्र सार्क हा निरोप वाटेत, पकडीच्या खालच्या टप्प्यावरच, सतत 'चालू' ठेवतो. पेशी गोल असो की चपटी, वाढीच्या यंत्रणेला 'चिकटले आहे, वाढ' असंच कळत राहतं. म्हणूनच अशा पेशी मऊ अगारच्या जेलीत, काहीही न धरता, गोळे करून वाढतात. फायब्रोनेक्टिन देऊन तुम्ही वरचा टप्पा दुरुस्त केला. खालचा बिघाड जिथल्या तिथे आहे. त्यामुळे आकार सुधारून वाढ न थांबणं यात विसंगती काहीच नाही. उलट, दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येतात हे दाखवल्यामुळेच तो प्रयोग मोठा आहे. फायब्रोनेक्टिन हे कर्करोगावरचं औषध होईल अशी आशा त्यातून बांधू नका. कित्येक गाठींच्या भोवती ते मुबलक असतं, आणि पेशी त्याच्याच आधाराने पुढे सरकतात.

शरीरात ही पकड नसेल तर काय होतं? उंदरातून फायब्रोनेक्टिनचं जनुक पूर्ण काढलं तर भ्रूण गर्भातच दगावतो, हे १९९३ मध्ये दिसलं. हृदय, रक्तवाहिन्या, पाठीचा कणा घडवणाऱ्या पेशींना सरकायला आणि मांडणी करायला आधारच मिळत नाही. माणसात पांढऱ्या पेशींच्या इंटिग्रिनचा बीटा-२ घटक जन्मतः नसेल तर त्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडू शकत नाहीत. अशा बाळाची नाळ उशिरा गळते, वारंवार जंतुसंसर्ग होतो आणि जखमेत पू होत नाही. रक्तात मात्र पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असतात. आजार दोन्ही पालकांकडून आलेल्या दोषाने होतो, त्यामुळे जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्याचा धोका वाढतो. मुंबईत परळला के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत फ्लो सायटोमेट्रीने (एकेका पेशीवरची प्रथिनं मोजण्याच्या तंत्राने) याचं निदान केलं जातं.

आणखी एक उदाहरण कोकणातल्या वाचकांच्या ओळखीचं आहे. फुरशाच्या विषात इकिस्टॅटिन नावाचं ४९ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन असतं आणि त्यावर हाच आरजीडीचा वळसा आहे. बिंबाणूंवरच्या इंटिग्रिनला ते अडवतं, त्यामुळे बिंबाणू फायब्रिनोजेनला धरून एकत्र येऊ शकत नाहीत. (फुरसं चावल्यावरचा रक्तस्राव मुख्यतः त्याच्या विषातल्या इतर विकरांमुळे होतो, हे ध्यानात असू द्या.) या प्रथिनाच्या नमुन्यावरून टिरोफिबान हे औषध बेतलं गेलं आणि ते हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी वाढू नये म्हणून शिरेतून देतात. वर सांगितलेला विरघळलेला पेप्टाइड जे डिशमध्ये करतो, तेच हे औषध रक्तात करतं.

पेशी-पेशींमधली पकड वेगळ्या प्रथिनांची, कॅडहेरिनची, पण तर्क तोच. १९८७ मध्ये मासातोशी ताकेइची यांच्या गटाने उंदराच्या सैल फायब्रोब्लास्टमध्ये ई-कॅडहेरिनचं जनुक घातलं आणि त्या पेशी एकमेकींना बिलगून अस्तरासारख्या बसल्या. उलट बाजूने, स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ई-कॅडहेरिन हरवतं आणि पेशी एकामागे एक सुट्या रांगेत शिरतात; पॅथॉलॉजिस्ट याच प्रथिनाचं रंजन करून हा प्रकार ओळखतात.

आता तुम्हाला हे स्वतः करून पाहायचं असेल तर. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राच्या भांडारातून मागवता येतात. कोणतीही चांगली पसरणारी फायब्रोब्लास्ट लाइन चालेल. फायब्रोनेक्टिन विरघळवताना किंवा वितळवताना ट्यूब हलवू नका, व्होर्टेक्स यंत्रावर घुसळणं तर अजिबात नको. हलवलं की त्याचे तंतू धरतात आणि डिशवर लेप एकसारखा बसत नाही. मिलिलिटरमागे १० मायक्रोग्रॅमचं द्रावण ३७ अंशांवर तासभर ठेवलं की लेप बसतो. ०.१ पासून २० मायक्रोग्रॅमपर्यंत पायऱ्या ठेवल्यात तर जास्त शिकायला मिळेल. उरलेलं उघडं प्लास्टिक उष्णतेने विघटित केलेल्या एक टक्का बीएसएने (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिनने) झाका, नाहीतर पेशी प्लास्टिकवरच चिकटतील आणि तुम्हाला वाटेल फायब्रोनेक्टिनने काम केलं.

सर्वांत मोठी फसगत सीरममुळे, म्हणजे माध्यमात घालतात त्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या द्रवामुळे, होते. ट्रिप्सिन थांबवायला आपण हात सवयीने सीरमच्या माध्यमाकडे नेतो. सीरममध्ये व्हिट्रोनेक्टिन असतं, त्यावरही आरजीडी असतो, आणि नेहमीच्या कल्चरमध्ये प्लास्टिकवर पेशी चिकटण्याचं बरंचसं श्रेय त्याचंच असतं. या प्रयोगात ट्रिप्सिन थांबवायला सोयाबीनचा ट्रिप्सिनरोधक वापरा आणि पेशी सीरमविरहित माध्यमात धुऊन सोडा. पेशी स्वतःही फायब्रोनेक्टिन बनवून बाहेर टाकतात. प्रयोग दोन तासांपेक्षा लांबणार असेल तर सायक्लोहेक्सिमाइडने प्रथिननिर्मिती थांबवावी लागते. ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवलंत तर पृष्ठभागावरचे इंटिग्रिनही कापले जातात, आणि मग लेप कितीही चांगला असला तरी पेशी उशिरा पसरतात. पेशी गोल होऊन डिशला बारीक धाग्यांनी लटकलेल्या दिसल्या की लगेच थांबवा, सगळ्या तरंगायची वाट पाहू नका.

तुलनेसाठी पॉली-एल-लायसिनचा लेप नक्की घ्या. त्यावर पेशी विद्युतभारामुळे घट्ट चिकटतात, इंटिग्रिन न वापरता. पण पहिल्या तासाभरात बहुतेक गोलच राहतात आणि जाड पकडी बनत नाहीत. चिकटणं आणि पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या एका डिशमध्ये स्पष्ट दिसतं. दुसरी तुलना आरजीडी आणि एक कार्बन जास्त असलेला आरजीई या दोन पेप्टाइडांची. तिसरी ओढ काढून घेण्याची: वाय-२७६३२ हा रो-कायनेजरोधक १० मायक्रोमोलर पुरतो. मायोसिन बंद पाडणारं ब्लेबिस्टॅटिनही चालतं, पण निळ्या प्रकाशात ते पेशींना घातक होतं, त्यामुळे हिरव्या रंगाच्या फ्लुरोसन्सबरोबर ते वापरू नका.

मोजताना दोन आकडे स्वतंत्र ठेवा: धुतल्यावर किती पेशी उरल्या, आणि उरलेल्यांपैकी किती पसरल्या. केंद्रकाभोवती सगळीकडून करडा पेशीद्रव पसरलेला दिसला तरच 'पसरली' धरा. आदल्या दिवशीच्या चालू कल्चरची तुलना करत असाल तर त्यातली प्रत्येक चमकदार गोल पेशी सैल किंवा मेलेली समजू नका. विभाजनाच्या वेळी निरोगी पेशीही पकडी सोडून गोल होते आणि नंतर पुन्हा पसरते. आणि डिशवरच्या खुणा झाकून, कोणत्या डिशमध्ये काय आहे हे ठाऊक नसलेल्या मैत्रिणीकडून एकदा मोजून घ्या. किती पेशी पसरल्या हे डोळ्यांनी ठरवताना अपेक्षेचा परिणाम होतोच.